आंबट वासाचा हिवाळा

काल बाजारात हरभऱ्याचे डहाळे दिसले. गाडीवाल्याने जुड्या ओल्या पोत्याखाली झाकून ठेवल्या होत्या. त्याने पोतं उचललं तसा एक थंड, आंबूस, किंचित खारट वास वर आला. मी दोन जुड्या घेतल्या. घराचा जिना चढताना लक्षात आलं की सगळ्या वाटेवर पिशवी हातात न लटकवता छातीशी धरून आलो आहे.

चार-पाच वर्षांपूर्वी मला कुणी विचारलं असतं की डहाळ्यांना वास कसला येतो, तर मी म्हणालो असतो, डहाळ्यांचा. त्यापलीकडे माझ्याकडे शब्द नव्हता. माझी नोकरी वजनमापं तपासायची. लातूरच्या आडत बाजारात तुरीच्या ढिगांमधून, नांदेडच्या किराणा दुकानांमधून मी तराजू आणि वजनं तपासत हिंडलो. एका क्विंटलला किती ग्रॅमचा फरक चालतो हे मला झोपेतही सांगता येईल. पण तूर नवी की जुनी हे हमाल मूठभर दाणे नाकाशी नेऊन सांगत, तेव्हा मला ते काम नेमकेपणाचं वाटत नसे. काट्यावर जे दाखवता येत नाही त्याच्या फार नादी लागू नये, असा माझा स्वभाव.

डहाळ्यांच्या पानांवर आंब असते, आंबट-खारट पाझर. पहाटेच्या दवात ती पानांवर थेंबाथेंबानं धरते आणि शेतातून चालताना धोतराला, लुगड्याला लागते. माझी मोठी बहीण, आम्ही तिला अक्का म्हणतो, लहानपणी मला हरभऱ्यातून चालवत नेई आणि मग पोटरीवरची आंब चाटून बघायला लावी. चव माझ्या लक्षात राहिली. वास राहिला नाही. तो मला त्या एका हिवाळ्यानं दिला.

त्या उन्हाळ्यात कोरोनाची दुसरी लाट येऊन गेली होती. आम्ही दोघंही आजारी पडलो, दोघंही उठलो. शोभा, माझी बायको, माझ्याआधी हिंडू-फिरू लागली. सगळं संपलं असं आम्ही धरून चाललो. मग एका सकाळी मी दाढी करत असताना घरभर धूर झाला. धावत स्वयंपाकघरात गेलो, तर दूध आटून करपून पातेल्याचं बूड काळं झालेलं, आणि शोभा त्याच्यापासून दोन हातांवर बसून मेथी निवडत होती. तिनं माझ्याकडे बघितलं, मग पातेल्याकडे. मेथीची जुडी तिनं नाकाशी नेली. मग हाताला लागलेलं लसणाचं सालपट. मग ओट्यावरचा रॉकेलचा दिवा. नंतर तिनं गॅस बंद केला.

वास गेला होता. डॉक्टर म्हणाले, बहुतेकांचा परत येतो, काहींचा येत नाही, वाट बघा. लवंग, लिंबू, कापूर असं रोज हुंगत जा म्हणाले. ती हुंगत असे. एखाद्या बंद दारावर रोज ठरल्या वेळी टकटक करावी तशी.

ज्याच्या घरात असं झालं नसेल त्याला हे लहानसं वाटेल. मलाही वाटलं होतं. पण बाई फोडणी नाकानं करते हे मला तोवर माहीत नव्हतं. शोभा आता मोहरीचा तडतडाट ऐकून हिंग घालू लागली, रंग बघून कांदा उतरवू लागली. चव कशी झाली हे जेवताना माझ्या चेहऱ्यावर शोधू लागली. सकाळचं वरण संध्याकाळी चांगलं आहे की विटलं आहे, हे तिला कळेना. म्हणून ती ते टाकून द्यायला लागली. भात टाकला, उसळ टाकली, एकदा अख्खं पातेलंभर ताक मोरीत ओतलं. मी सवयीनं ओला कचरा स्प्रिंग काट्याला लावून बघितला. पूर्वी दिवसाचा सहाशे ग्रॅमच्या आत असे. आता सव्वा किलोच्या वर चालला होता. दोन माणसांच्या घरात.

मी आकडा सांगितला आणि ती म्हणाली, “मला काय हौस आहे का? तुम्हाला विषबाधा झाली तर?” मग जरा वेळानं म्हणाली, “घरातच राहून राहिले मी, पण घरात नाही असं वाटतं.”

मी काटा खुंटीला परत अडकवला.

दिवाळीला मुलगी पुण्याहून नांदेडला आली. प्राचीनं आईची ती टाकाटाकी बघितली आणि परत जाण्याआधी दोन झाकणाच्या बादल्या मागवून दिल्या. खाली तोटी, आत जाळी, वर घट्ट बसणारं झाकण. बोकाशी म्हणतात, जपानची पद्धत. रोजचं खरकटं, सालं, उरलंसुरलं आत घालायचं, वरून मूठभर कोंडा पेरायचा. तो कोंडा साधा नसतो, त्यात आंबवणारे जीव मुरवून तो वाळवलेला असतो. मग वाटीनं दाबून हवा काढायची आणि झाकण लावायचं. हवा नको, पाणी नको. बादली भरली की पंधरवडाभर तशीच झाकून ठेवायची, दुसरी भरायला घ्यायची. आतलं कुजत नाही, लोणच्यासारखं मुरतं. मुरलेलं मातीत पुरलं की त्याची माती होते. तोटीतून जे पाणी निघतं ते शंभरपट पाण्यात घालून झाडांना.

खालच्या मजल्यावर गायकवाड सर राहतात. किनवटकडच्या आश्रमशाळेत जन्म घालवून आता निवृत्त झालेत. मी गॅलरीत कोंडा मोजून घेतो आहे हे खालून बघून त्यांनी विचारलं की साहेब, लोणचं कशाचं घालून राहिलात. मी म्हटलं, कालच्या खिचडीचं. त्यांनी सौ.ना हाक मारून सांगितलं की वरून आग्रह झाला तरी यांच्याकडं जेवायला जायचं नाही.

हे सगळं ठीक होतं, पण प्राचीनं जाताना एक गोष्ट सांगितली होती. बादली बरोबर चालली आहे की नाही हे ओळखायचं एकच साधन. वास. आंबट आला तर चांगलं. घाण आली तर बिघडलं.

शोभा हसली. बऱ्याच महिन्यांनी. म्हणाली, “हे बरंय. आंधळ्याच्या हाती आरसा दिला पोरीनं.” आणि मग माझ्याकडे बघून, “आता नाक तुमचं.”

अशी ती सुरुवात झाली. सकाळचा चहा झाला की गॅलरीत दोन पाट टाकायचे. नोव्हेंबरचं कोवळं ऊन कठड्याच्या जाळीतून पाटांवर पडलेलं असे. शोभा झाकण उघडे, मी वाकून हुंगे आणि ती म्हणे, सांगा. पहिल्या दिवशी मी म्हणालो, आंबट. दुसऱ्या दिवशीही आंबट. तिसऱ्या दिवशी तिनं झाकण लावायचं थांबवलं. आंबट म्हणजे कसं आंबट? चिंच आंबट, दही आंबट, लिंबू आंबट, ओलं पोतं आंबट. कोणतं?

मला सांगता येईना. मग मी माझ्या पद्धतीनं शून्य ते दहा अशी मोजणी काढली. म्हटलं, आज सहा आहे. तिनं कोंड्याचा डबा खाली ठेवला. “वासाला काटा नसतो हो. मला घरात आणून सोडा, बस.”

तेव्हापासून मी प्रयत्न करू लागलो. बादलीवर वाकायचो, डोळे मिटायचो आणि जे येईल ते बोलायचो. कैरीचं लोणचं, मुरलेलं, बरणीच्या काठाला तेल सुटलेलं. तुझ्या आईच्या घरचं ताकाचं गाडगं, धुऊन उन्हात पालथं घातलेलं. लिंबाचं सरबत सांडलेली शाळेची पिशवी. कधी नुसतंच, पहाटेचं एसटी स्टँड. ती विचारी, कुठलं स्टँड? मी म्हणे, निलंग्याचं, थंडीत, कँटीनच्या मागच्या बाजूचं. ती मान डोलवी. तिचं माहेर निलंग्याजवळचं, म्हणून तिला कळे. तिच्या डोळ्यांवरून मला कळे की ती आता खरंच त्या स्टँडवर जाऊन उभी आहे, शाल गुंडाळून, हातात डबा घेऊन. झाकण उघडं राही, ऊन सरकत जाई. खाली घंटागाडीचं गाणं येऊन निघून जाई आणि आमच्याकडे गाडीत टाकायला काही नसे.

बादली सोडून इतर वासही मी सांगू लागलो. शेजारच्या घरातून आलेली शेंगदाण्याची चटणी. धुक्यातून गोदावरीच्या बाजूनं येणारी शेवाळाची ओल. लोकरीचा जुना स्वेटर, ट्रंकेतून काढलेला, ज्यात डांबरगोळीच्या मागे अजून प्राचीच्या लहानपणीची पावडर होती. इतकी वर्षं हे सगळं या घरात होतं आणि मी त्यातून वजनाच्या पेट्या घेऊन ये-जा करत होतो.

मग येळवस जवळ आली. मार्गशीर्षातली अमावास्या. आमच्या लातूरकडे त्या दिवशी गावं रिकामी होतात आणि सगळी माणसं शेतात जातात. ज्वारीच्या कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, उभी करतात, तिच्यात पाच दगडांचे पांडव मांडून पूजा करतात आणि वाटेनं जाणाऱ्यालाही हात धरून पंगतीला बसवतात. तूर, वाल, मटार, ओला हरभरा घातलेली भज्जी, बाजरीच्या पिठाचे वाफवलेले उंडे आणि अंबील. अंबील म्हणजे आंबवलेल्या ताकात ज्वारीचं पीठ शिजवून केलेलं पेय. औशाजवळच्या अक्काच्या शेतात लग्नापासून अंबील शोभाच्या हातची. आठवडाभर आधी ताक साठवायचं, रोज झाकण काढून हुंगायचं आणि नेमका आंबटपणा आला की त्याच दिवशी पीठ लावायचं. एक दिवस आधी लावलं तर फिकी, एक दिवस उशीर झाला तर तुरट.

तिनं अक्काला फोन करून सांगितलं होतं की यंदा अंबील तुम्हीच करा. अक्का म्हणाली होती की माझ्या अंबिलीला म्हशीसुद्धा तोंड लावत न्हाईत, तुला ठावं हाय. शोभानं त्यावर फोन ठेवून दिला. पण एका सकाळी, बादलीचं झाकण लावता लावता, तिनं खाली बघतच विचारलं, “ताकाचं पण सांगाल का?”

सांगेन म्हणालो. आणि त्या आठवड्यात मी जितका घाबरलो तितका कुठल्या बाजारातल्या तपासणीत घाबरलो नाही. ताकाचं मडकं स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, वर पांढरं फडकं. मी रात्री पाणी प्यायला उठलो तरी फडकं उचलून बघत असे. कालच्यापेक्षा पुढे गेलंय, पण बादलीइतकं नाही. कैरी नाही अजून, आवळा आहे. ती ओट्याला टेकून ऐकत राही. शेवटी एका सकाळी मी म्हणालो, झालं. तिनं दोनदा विचारलं, नक्की? नक्की म्हणालो. पीठ लावलं.

भरून मुरलेली पहिली बादली अक्काच्या शेतात पुरायची ठरली, कारण आमच्या फ्लॅटला माती नाही. दुसरी अर्धी भरलेली. ती मागं ठेवून जायला मन होईना, म्हणून तीही गाडीत. मागच्या डिकीत दोन बादल्या आणि पुढे शोभाच्या पायाशी अंबिलीची घागर. धुकं इतकं दाट होतं की रस्ता पुढून थोडाथोडा उलगडल्यासारखा येत होता. दोन्ही बाजूंना तुरी पिकलेल्या, करडईचे पट्टे, मधूनच बैलगाडी धुक्यातून निघून धुक्यात जायची. शोभानं काच खाली केली होती आणि वाऱ्यात तोंड धरलं होतं. मी तिला सांगत गेलो. इथं ओली तुराटी. इथं कुणी तरी शेकोटी केली होती पहाटे. इथं काही नाही, नुसता गारठा.

अक्कानं बादली उघडून बघितली आणि कमरेवर हात ठेवले. “नांदेडहून उष्टं घेऊन आलास व्हय रं माझ्या शेतात? आमच्याकडं काय कमी हाय?” पण बांधाजवळ खड्डा तिनंच घेतला. मुरलेलं सगळं तसंच दिसत होतं, संत्र्याची साल सालीसारखी, पोळीचा तुकडा तुकड्यासारखा, वर पांढरी बुरशी. मी त्यात माती मिसळली आणि वर वीतभर माती ओढली. अक्का म्हणाली, ह्याचं काय व्हायचं न्हाई, कुत्री उकरत्याल.

दुपारी पंगत बसली. कोपीच्या आत सावली, कडब्याच्या फटींतून उन्हाच्या रेघा, पितळी पेल्यांमध्ये अंबील. शोभा वाढत होती, पण तिचं लक्ष पेल्यांकडे नव्हतं. ती एकेकाच्या तोंडाकडे बघत होती, पहिला घोट आत गेल्यावर भुवया काय करतात ते. दुसरा पेला मागितला सगळ्यांनी. अक्कानं पेला खाली ठेवला, ओठ पुसले आणि म्हणाली, “ब्येस हाय. पण जरा कवळी हाय यंदा.”

शोभानं माझ्याकडे बघितलं. मी एक दिवस आधी झालं म्हणालो होतो. भीतीनं. तिला ते कळलं आणि ती रागावली नाही. वाईट याचं वाटलं की ती रागावली नाही.

आम्ही नांदेडला परतलो. आठवडा असा-तसा गेला. संक्रांतीच्या अलीकडे एका सकाळी मी एकटाच गॅलरीत गेलो, कारण शोभा तव्याशी होती. दुसऱ्या बादलीची तोटी सोडली तर काळपट, दाट पाणी आलं आणि त्याबरोबर जो वास आला त्यानं मी मागं सरकलो. झाकण वर केलं आणि लगेच खाली दाबलं. कोंडा वेळेवर घातला होता, दाबून हवा काढली होती, काय चुकलं कळेना. आत काही सांगायच्या आधी हे निस्तरावं, असा विचार करत मी तिथंच उभा होतो.

स्वयंपाकघरातून शोभाचा आवाज आला, रोजच्या बोलण्यातला.

“अहो, खाली गटार तुंबलं का?”

मी म्हटलं, नाही.

“मग घाण कशाची येऊन राहिली?”

 गॅस बंद केल्याचा खुट्ट आवाज आला. ती पिठाच्या हातानं बाहेर आली, मला बाजूला केलं, स्वतः झाकण उघडलं आणि बादलीत तोंड घातलं. मी म्हणालो, पुरे. तिनं मान वर केली नाही. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते घाणीनं की कशानं ते मी विचारलं नाही. खालून गायकवाड सरांनी विचारलं की साहेब, लोणचं नासलं वाटतं. शोभा कठड्यावरून वाकून म्हणाली, “हाव सर, चांगलं नासलं.”

अक्काला फोन केला तेव्हा उलगडा झाला. येळवशीला उरलेली अंबील तिनं त्या बादलीत ओतली होती. चांगला तांब्याभर. ती म्हणाली, “आंबल्यालं व्हतं त्यात आंबल्यालं घातलं, काय बिघडलं? शोभाच्या हातची हाय, वाया कशाला घालू?” दोन्ही आंबवणंच, पण एकाला कोरडेपण लागतं आणि दुसरं पातळ. हे तिला कसं ठाऊक असणार. मी समजावू लागलो, तर शोभानं फोन घेतला आणि म्हणाली, अक्का, पुढच्या साली पण घाला.

इथं थांबता आलं असतं तर बरं होतं. पण दुसऱ्या दिवशी तिला काहीच येईना. तिसऱ्या दिवशी आली ती तीच घाण, आणि ताज्या कोथिंबिरीला. मग तळलेल्या कांद्याला, मग चहाला, माझ्या टॉवेलला. डॉक्टर म्हणाले की तुटलेल्या तारा जोडून घेताना चुकीच्या जागी लागतात, पुढे सरळ होतात किंवा होत नाहीत. ती दहीभात खाऊन राहू लागली. सकाळी पाट टाकायची ती, पण झाकण मी उघडायचो आणि ती तोंड फिरवून बसायची. एका संध्याकाळी, दिवा लावताना, म्हणाली, आधी काही येत नव्हतं ते बरं होतं. मी तिला वास सांगायचं थांबवलं. तिला नको होते, आणि मला कोणते शब्द सुरक्षित आहेत ते कळत नव्हतं.

तसाच तो हिवाळा झिजत गेला. स्वेटर ट्रंकेत गेला. गॅलरीतलं ऊन पाटावरून कठड्यावर आणि कठड्यावरून बाहेर सरकलं.

पाडव्याच्या आधी अक्कानं बोलावलं. बांधाजवळ उन्हाळी वांगी लावायची होती आणि तुमचं उष्टं आधी तुम्हीच उकरा, असा निरोप होता. वाटेत शोभानं काच लावून घेतली होती. मला तिची भीती कळत होती. त्या खड्ड्यातूनही गटारच वर येईल. किंवा काहीच येणार नाही.

अक्कानं कुदळ मारली. कुत्र्यांनी उकरलं नव्हतं. वरची माती बाजूला केली तर खाली काळी, भुसभुशीत माती, आजूबाजूच्या मातीपेक्षा जरा गडद. साल नाही, तुकडा नाही. मी हात घालून शोधलं, एक अंड्याचं टरफल मिळालं. शोभा खाली बसली, मूठभर माती तळहातावर घेतली आणि नाकाशी नेली. डोळे मिटले. बराच वेळ ती तशीच होती. अक्काही कुदळ टेकून थांबली.

“बादलीतलं काहीच येत नाही,” शोभा म्हणाली.

तिच्या नाकाला येत नाही की मातीतच उरलं नाही, मला कळेना. मी तिच्या हातावरची माती घेतली. हुंगली. पुन्हा हुंगली, सावकाश, तिनं शिकवलं तसं. संत्रं नव्हतं, लसूण नव्हता, आंबट नव्हतं. तिचं बरोबर होतं. तसं मी सांगितलं. ती ‘हं’ म्हणाली.

अक्का म्हणाली, “हुंगत काय बसलाव दोघं. रोपं सुकून चालली.”

आम्ही वाफा आखायला घेतला. मी दोन रोपांत दोन फुटांचं अंतर काठीनं मोजत होतो आणि शोभा मागून खुणेवर रोप ठेवत येत होती. मध्येच ती उभी राहिली, हातात रोप तसंच, आणि वाऱ्याकडे तोंड केलं.

“कुणी तरी तुराट्या जाळून राहिलं,” ती म्हणाली.

मी मान वर केली. सगळीकडे बघितलं. शिवार मोकळं होतं, आकाश स्वच्छ होतं आणि मला कसलाही वास आला नव्हता. शोभा पुन्हा खाली बसून रोपाच्या बुडाशी माती दाबायला लागली. बऱ्याच वेळानं, ओढ्यापलीकडच्या शेतांवर, धुराची एक बारीक रेघ दिसली.